फाट्यावरची काळी

फाट्यावरच्या चहाच्या टपरीमागे ती पडलेली असायची. अंगाने काळी, छातीवर पांढरा पट्टा, एका कानाची अर्धी पाळी तुटलेली. नाव कुणी ठेवलं नव्हतं, पण सुलतानपुरात सगळे तिला काळीच म्हणत. मेहकरकडून आलेली एसटी थांबली की बिस्किटाची वाट बघत ती उठायची, गाडी गेली की पुन्हा जागेवर. भाद्रपदातल्या झुंजीत तिच्या मानेला दात लागला. त्यात पावसाची झड. चार दिवसांत जखमेत किडे पडले, आणि मला ते कळलं वासाने.

टपरीवाल्याने आपल्या परीने जखमेवर डिझेल ओतून पाहिलं होतं. आमच्याकडे ढोरांच्या जखमेत किडे पडले की जुनी माणसं सीताफळाचा पाला ठेचून बांधतात. त्याने किडे बाहेर पडताना मी बैलाच्या खांद्यावर पाहिलं आहे. पण बैल दाव्याला उभा असतो. कुत्री पायाने पाला ओरबाडून काढते आणि जखम आणखी मोठी करून ठेवते. शेवटी पोतं पांघरून तिला धरलं, ऑटोत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत गाई, शेळ्या. एक आजी म्हणाल्या, "बाई, कुत्र्याले कायचा दवाखाना?" त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, खरंच नवल होतं. नंतर त्यांनीच काळीचे मागचे पाय धरले.

डॉक्टरांनी तोंडाला पट्टी बांधली, टर्पेंटाइनचा बोळा जखमेत धरला आणि वर आलेले किडे चिमट्याने एकेक करून वेचले. मी मोजायला लागले आणि पन्नासनंतर सोडून दिलं. इंजेक्शन झालं, रेबीजची लसही तिथेच टोचली. मग ते म्हणाले, "रोज ड्रेसिंग करा. जखम भरेपर्यंत सोडू नका, माशी बसली की पुन्हा तेच."

सोडू नका म्हणजे ठेवायचं कुठे? भटक्या कुत्र्याचं सगळं अडतं ते इथेच. औषध दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं, डॉक्टर भेटतात, धरायला चार हात मिळतात. पण बारा दिवस कोरडी, बंद जागा द्यायला कुणी तयार नसतं. मी तिला आमच्या गोठ्यात बांधलं. गाय दोन दिवस बुजली. शेजारच्या मामी रोज विचारायच्या, "दारात मरलं तं?" काळी दोर कुरतडायची, म्हणून साखळी आणली. भाकर ताकात कुस्करून दिली तर ताक चाटायची, भाकर ठेवायची. आठव्या दिवशी जखमेत गुलाबी मांस भरलेलं दिसलं, त्या सकाळी मामींनी न मागता दूध आणून दिलं.

बाराव्या दिवशी साखळी काढली. मला वाटलं होतं ती राहील. तिने अंग झटकलं आणि मागे न बघता फाट्याकडे निघून गेली. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण तिचं घर फाटाच होता. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही हेच सांगतात: नसबंदी आणि लस झाली की कुत्र्याला उचललं तिथेच सोडायचं. जागा रिकामी केली की बाहेरची, लस न टोचलेली कुत्री तिथे येतात.

काळीसारखी भटकी कुत्री फक्त आपल्याकडेच नाहीत. थायलंडात अशा कुत्र्यांना सोई डॉग म्हणतात. सोई म्हणजे गल्ली. तिथेही नकोशी पिल्लं लोक देवळाच्या आवारात सोडतात आणि भिक्षू आपल्या भिक्षेतलं उरलेलं त्यांना घालतात. फुकेत बेटावर २००३ मध्ये जिल डॅली, त्यांचे पती जॉन आणि मार्गो होम्बर्ग यांनी सोई डॉग फाउंडेशन सुरू केलं. पुढच्याच वर्षी एका कुत्र्याला वाचवायला जिल पाणथळ शेतात उतरल्या. त्यातून झालेल्या जंतुसंसर्गात त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. २०१७ मध्ये त्या गेल्या, तोवर कृत्रिम पायांवर उभं राहून हेच काम करत होत्या. या संस्थेने आजवर दहा लाखांहून अधिक कुत्र्यामांजरांची नसबंदी केली आहे. आणखी एक धागा थेट आपल्या दंडापर्यंत येतो. कुत्रं चावल्यावर सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर कातडीत थोडी थोडी लस टोचतात ना, ती पद्धत थाई रेडक्रॉसने बसवलेली. लस कमी लागते, त्यामुळे गरीब देशांना परवडते. भारताने ती २००६ मध्ये मान्य केली.

चावा झाला की जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आपल्या गावांत आधी काठ्या निघतात. चावणारं कुत्रं मारलं की ते पिसाळलेलं होतं का, हे नजर ठेवून कळण्याची वाटच बंद होते. लस सुरू ठेवून कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. तेवढे दिवस ते धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. त्यासाठीही पुन्हा तीच दहा-बारा दिवसांची जागा लागते.

७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं, क्रीडासंकुलं इथली कुत्री हटवून पुन्हा तिथे सोडू नका, असा आदेश दिला. ज्यांच्या लेकरांना कुत्र्यांनी फाडलं त्यांचं दुःख मी नाकारत नाही. शाळेचं आवार लेकरांसाठी निर्धोक असलंच पाहिजे. पण काळीसारखीला एसटीच्या जागेवरून उचलून न्यायचं कुठे? शहरात निवारा उभा राहील कदाचित. २०२३ च्या नियमांनी नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी पंचायतींवरही टाकली आहे. आमच्या पंचायतीला निवाऱ्याचं मोठं आवार नको आहे. पत्र्याची एक शेड, तीन कप्पे, पाण्याचा नळ आणि भाद्रपदाच्या आधी गावातल्या प्रत्येक कुत्र्याला लस, एवढ्याने सुरुवात होते. दहातल्या सात कुत्र्यांना लस टोचली की रेबीजची साखळी तुटते. १ मेच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे.

काळीची नसबंदी मात्र तेव्हा राहून गेली, आणि ती चूक माझी. जखम भरू दे, मग बघू म्हणत मी थांबले. कार्तिकात टपरीमागे तिला चार पिल्लं झाली. दोन नर लोकांनी शेतावर राखणीला नेले. दोन माद्या उरल्या. मादी कुणी नेत नाही. आता फाल्गुन आहे, त्या लशीच्या वयाच्या झाल्या आहेत. रविवारी डॉक्टर येतो म्हणालेत. धरायला मामी येणार आहेत.