आधी तिचं ताट

उधना आणि सचिन यांच्या मधलं स्टेशन भेस्तान. धुळे, नंदुरबार, जळगावकडून कापडाच्या कामासाठी आलेली मराठी कुटुंबं सुरतच्या या बाजूला कित्येक वर्षं नांदताहेत. घरी बसून साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या बाईच्या अंगातून पंचेचाळिशीत वाफा निघू लागल्या, झोप उडाली, की ती पत्र्याखालच्या उकाड्याला दोष देते. घरातले म्हणतात, चिडचिडी झाली. पण ही पाळी जाण्याच्या काळाची लक्षणं असू शकतात.

भारतात पाळी साधारण 46-47व्या वर्षी जाते. पाश्चात्त्य देशांत 51च्या आसपास. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाडं झपाट्याने झिजतात. म्हणून पाळी गेलेल्या बाईला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे. 100 ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं. तीळ, शेवग्याचा पाला, दही तर खानदेशी घरात हाताशीच. सोबत डाळ, सकाळचं ऊन, रोजचं चालणं. पण सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या बाईच्या ताटात हे येणार कसं? तिला आधी वाढा, हे मला आग्रहाने सांगायचं आहे.

आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लाजेपोटी गप्प बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.