आडवाट कुणाची?

कॉलेजच्या आवारात हल्ली निकालापेक्षा जास्त चर्चा होते ती मोटारसायकलींची. त्यातही डांबरावर आणि कच्च्या वाटेवर, दोन्हीकडे चालणाऱ्या उंच गाड्यांची. २०१६ साली हिमालयन आली, २०१९ साली एक्सपल्स आली आणि ही हौस बेळगावच्या गल्लीबोळांत पोचली. पुढचं चाक २१ इंची, त्यामुळे खड्डा सहज ओलांडला जातो. इंजिन जमिनीपासून उंच, त्यामुळे दगड लागत नाही. पोरं खूश, आईवडील काळजीत. ‘सर, घेऊन देऊ का त्याला?’ असं विचारणारे पालक महिन्यातून एकदा तरी भेटतात. उत्तर द्यायचं तर आधी स्वतः फिरून बघावं म्हणून गेल्या हिवाळ्यात मी आणि कन्नड शिकवणारा माझा मित्र तीन दिवस खानापूर आणि जोयडा तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात जाऊन आलो. घरच्यांनी आमच्या वयाची आठवण करून दिली, ती आम्ही शांतपणे ऐकून घेतली.

निघण्याआधी दोघांनी चार नियम ठरवले. प्रत्येक फाट्यावर पुढच्यानं थांबायचं. मागचा आरशात दिसेपर्यंत हलायचं नाही. वेग ठरवायचा तो मागं राहणाऱ्यानं. अंधार पडण्याआधी मुक्काम गाठायचा. जंगलात मोबाइलला रेंज नसते, म्हणून आज कुठून कुठं जाणार हे सकाळीच घरी सांगायचं. बाकीची विद्या हातापायांची. खडबडीत वाटेवर पायठेवणीवर उभं राहायचं, गुडघे टाकीला टेकवायचे आणि गाडीला खाली हलू द्यायचं. ओढा आला की आधी उतरून चालत पाणी बघायचं. कच्च्या वाटेला चाकातली हवा थोडी कमी करायची, डांबर लागलं की पुन्हा भरायची. मित्र दर वळणाला हेल्मेटमधून ‘निधान री’ ओरडायचा. मला ते ऐकू येत नसे, पण आरशात त्याचा हात दिसे. तेवढं पुरे होतं.

पहिल्या दिवशी खानापूरहून हेम्माडग्यावरून अनमोडकडे गेलो. ही वाट भीमगड अभयारण्यातून जाते. २०११ साली या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. वाटेत चहाला थांबलो तेव्हा एका आजोबांनी आमच्या गाड्यांना चक्कर मारली, चाकं निरखली आणि विचारलं, “चांगला रस्ता सोडून हिकडं कशाला आलाय ओ?” मित्र माझ्याकडं बघायला लागला, मी चहाच्या कपाकडं.

आजोबांचा प्रश्न सरळ होता. याच तालुक्यातल्या आमगावसारख्या जंगलातल्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत आणावं लागलं आहे. आम्ही तीन दिवसांसाठी जी वाट हौसेनं शोधत होतो, तीच वाट चुकवता आली तर बरं, असं तिथल्या बाळंतिणीला वाटत असणार. आपण तिला आडवाट म्हणतो. तिथं राहणाऱ्यांना दुसरी वाटच नाही.

हे मनात बसलं आणि पुढचे दोन दिवस गाडीचा वेग आपोआप उतरला. रामनगरला थांबलो. सुपा धरणाच्या पाण्याखाली घर गेलेली कितीतरी कुटुंबं इथं वसली आहेत. काळी नदीवरचं हे १०१ मीटर उंचीचं धरण झालं, जुनं सुपा गाव बुडालं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. आपल्या घरातल्या विजेच्या दिव्यामागं अशी गावं आहेत, हे त्या लाल धुळीत उभं राहिलं की पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

भाषेची गंमत तर मैलामैलाला. कुणब्यांच्या घरी कोकणीच्या जवळची बोली. तिथं माझं बरं चाललं. गवळीवाड्यावर म्हशींच्या मागं निघालेल्या बाईंनी आपल्या मराठीत वाट सांगितली. उळवीला पोचलो आणि कारभार मित्राच्या हाती गेला. तिथं चन्नबसवण्णांची समाधी आहे. दासोहाला बसलो तेव्हा वाढणाऱ्या अज्जींनी त्याला ‘ऊट माडरी’ म्हणून आग्रह केला आणि त्याच्यामुळं माझ्याही पानात दुसऱ्यांदा भात पडला. माघातल्या यात्रेला धारवाड-बेळगाव भागातून बैलगाड्या अजूनही इथवर येतात. २१ इंची चाकाचं कौतुक सांगणाऱ्या पोरांनी ती लाकडी चाकं एकदा बघावीत. तिसऱ्या दिवशी दांडेली, हल्याळ, नंदगड करत घरी परतलो. दोघांच्याही अंगावर धूळ इतकी, की दारात कुणी ओळख दाखवेना.

आता पालकांच्या प्रश्नाकडं येतो. गाडी वाईट नाही. पण पोराला आधी काही गोष्टी विचारा. बरोबर कोण जाणार आहे, आणि फाट्यावर तो मागच्यासाठी थांबतो का? अंगणात धान्य वाळत घातलेलं दिसलं की तो वेग कमी करतो का? आवाज मोठा व्हावा म्हणून सायलेन्सर बदलायचा हट्ट धरतो का? अभयारण्यात आणि काळी व्याघ्र प्रकल्पात सार्वजनिक रस्ता सोडून एक चाकही आत घालायचं नाही, हे त्याला पटतं का? तिथली पायवाट म्हणजे शर्यतीचं मैदान नव्हे. ती जनावरांची आणि त्या जंगलात राहणाऱ्या माणसांची आहे.

उत्तरं मनासारखी आली तर खुशाल घेऊन द्या. आणि पहिल्या सफरीला निघताना डिकीत दोन वह्या, चार पेन्सिली आणि तापाच्या गोळ्यांची एक पट्टी ठेवायला सांगा. वाटेतल्या शाळेतल्या बाईंना विचारून दिली, तर आजोबांच्या प्रश्नाला थोडंफार उत्तर तरी त्याच्याकडं असेल.