माहितीचा ओला दुष्काळ



विद्यापीठात लागलेला शोध बांधापर्यंत पोचत नाही, ही आपली जुनी तक्रार. आज ती त्याच शब्दांत करता येणार नाही. अकोला, परभणी, राहुरी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठे, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी खाते यांनी आपापले ज्ञान इंटरनेटवर ओतून ठेवले आहे. पुस्तिका आहेत, चित्रफिती आहेत, हवामानाचे सल्ले आहेत. घरातल्या पोरापोरींच्या हातात फोन आहे. मग अडते कुठे? कोरडा दुष्काळ जाऊन ओला आला, इतकेच. रानात गुडघाभर पाणी साचले म्हणून पीक येत नाही. पाण्याला निचरा लागतो, माहितीला मांडणी लागते.

एक उदाहरण घेऊ. पूर्वा नक्षत्रात कपाशीत डोमकळ्या दिसू लागल्या. घरातल्या पोराने फोनवर 'गुलाबी बोंडअळी' शोधली. काही कागदांत तिचेच नाव 'शेंदरी बोंडअळी' आहे, ते त्याला सापडलेच नाहीत. जे सापडले त्यातले अर्धे कोणत्या सालचे, ते कळत नाही. आणि साल तर इथे जीव की प्राण. बीटी कापसाला देशात २००२ साली परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. पुढे ही अळी त्यालाही पुरून उरली आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भ-मराठवाड्यातली बोंडे पोखरली. २००८ सालचा सल्ला त्या दिवशी खरा असेल. आज तारखेशिवाय समोर आला तर तो घर बुडवील.

खरे उत्तर चार ओळींचे आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोन किडकी निघाली, तर फवारणीची वेळ झाली. एकदा अळी बोंडात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे उत्तर आठ दिवस उशिरा सापडणे आणि न सापडणे, आपल्याला सारखेच.

ज्वारीचे पाहा. खरिपाची ज्वारी उशिरा पेरली तर खोडमाशी लागते. रब्बीची फार लवकर पेरली तरी खोडमाशीच लागते. एकच कीड, सल्ले मात्र उलटे. कागदावर हंगाम ठळक लिहिला नसेल तर वाचणारा पोंगेमर विकत घेतो.

असे का झाले? ज्ञान मांडले आहे ते साहेबाच्या कपाटाप्रमाणे: कोणता विभाग, कोणती योजना, कोणता जावक क्रमांक. शेतकरी विभागात राहत नाही, तो हंगामात राहतो. तलाठ्याच्या दप्तराला आपण कितीही नावे ठेवू, पण जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर सांगितला की सातबारा निघतो. शेतसारा वसूल करायचा होता म्हणून जमिनीचे दप्तर नीट लागले. शेतकऱ्याला शिकवायचे दप्तर लावण्याची घाई कोणाला होती?

हे काम अशक्य नाही. ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्यातला एक. आपल्या मागण्याही त्याच वाटेच्या आहेत.

पहिली: मांडणी पिकाने, मग हंगामाने, मग नक्षत्राने करा. कपाशी म्हटले की मृगात काय, आश्लेषात काय, हस्तात काय, हे ओळीने दिसले पाहिजे. भारी काळी जमीन आणि मुरमाड जमीन वेगळी दाखवा.

दुसरी: प्रत्येक कागदाच्या आणि चित्रफितीच्या माथ्यावर तारीख, भाग आणि संस्थेचे नाव हवे. शिळा सल्ला पुढून काढून मागे ठेवा.

तिसरी: आमचे शब्द वापरा. गुलाबी आणि शेंदरी, पोंगेमर, लाल्या, फरदड, यातला कोणताही शब्द टाकला तरी त्याच पानावर पोचता आले पाहिजे. कागदाचा नुसता फोटो काढून चढवला किंवा जुन्या फॉन्टात ठेवला तर शोधणाऱ्याला तो दिसत नाही. अक्षरे युनिकोडात टाका.

चौथी: २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विषबाधा झाली तर पहिल्या घटकेला काय करायचे, हे पान सगळ्यांत वर ठेवा.

हे उपकार म्हणून मागत नाही. हे ज्ञान जनतेच्या पैशावर उभे आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४ सांगते की सरकारी दप्तर यादी आणि सूची करून, माहिती सहज मिळेल असे ठेवले पाहिजे.

कोणी म्हणेल, आता फोनला तोंडी विचारले तरी तो उत्तर देतो, सूची कशाला? देतो खरा. पण फोन ओतलेल्या ढिगातूनच उचलतो. ढिगात साल नाही, हंगाम नाही, तर उत्तरात कुठून येणार?

सरकार हलेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे नाही. प्रत्येक गावाने दोन शिकलेली मुले-मुली निवडावीत. कपाशी आणि ज्वारीचा एकेक तक्ता करावा, दर नक्षत्रासमोर दोनच खात्रीचे सल्ले लिहावेत, ते कुठे सापडले तेही लिहावे. शेजारी एक रकाना मोकळा सोडावा. ज्याने करून पाहिले त्याने तिथे लिहावे: आमच्या रानात चालले, किंवा नाही चालले. हा रकाना कोणत्याही विद्यापीठाकडे नाही, तो आपल्याकडेच आहे.

तक्ते जिल्हा बैठकीला आणा. तिथे ते जुळवू आणि चारही मागण्यांचा ठराव करून तो तक्त्यांसह विद्यापीठांकडे व कृषी खात्याकडे पाठवू. रिकाम्या हातांनी केलेली मागणी टोपलीत जाते. भरलेला तक्ता पुढे ठेवला की समोरच्याला उत्तर द्यावे लागते.