आपला माणूस, पण कधीपासून?

मालेगावात चार मित्र चहाला बसले आणि गाडी सिनेमावर आली की कुणीतरी सांगतोच, "नासिरभाई? अरे, आपल्या घरचा माणूस!" दुसरा म्हणतो, सुपरमॅन झालेला शफीक आमच्याच गल्लीतल्या लूमवर होता. तिसऱ्याचा चुलता कुठल्याशा मारामारीच्या सीनमध्ये दोन सेकंद दिसतो. चौथ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून तो मुंबईत लांबून पाहिलेल्या एखाद्या शूटिंगची गोष्ट सांगतो आणि त्यात दरवेळी नटाच्या दोन पावलं जवळ सरकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' लागला आणि या गप्पांना भलताच ऊत आला. ज्यांनी नासिर शेख यांना आयुष्यात साधा सलाम केला नसेल, तेही आता त्यांचे लंगोटीयार आहेत.

गप्पांचं मला वावडं नाही. माझा सवाल एवढाच आहे की हा माणूस 'आपला' नक्की कधी झाला? पिक्चर काढत होता तेव्हा, की मुंबईच्या लोकांनी त्याच्यावर पिक्चर काढला तेव्हा?

जरा मागं जाऊ. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत, लग्नाच्या शूटिंगचं काम करत. त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. घोड्यांच्या जागी सायकली, गब्बरचा झाला रबर सिंग, बसंतीची बासमती. खर्च सारा मिळून हजारांत. पुढं सुपरमॅन उडवायचा ठरला तेव्हा ट्रॉली म्हणून सायकल आणि क्रेन म्हणून बैलगाडी कामाला आली. लूमवर बारा बारा तास उभी राहणारी माणसं जुम्म्याच्या सुट्टीला हे पिक्चर बघायला जात आणि पोट धरून हसत. फैजा अहमद खान यांनी या साऱ्याचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, तो परदेशातल्या महोत्सवांत फिरला आणि २०१२ साली भारतातल्या थिएटरांत लागला. वर्तमानपत्रांत तोवर मालेगावचं नाव दंगलीला नाहीतर स्फोटाला जोडूनच येई. २००६ च्या शबे-बरातच्या स्फोटांनंतर तर आमच्याच नऊ जणांना धरून नेलं, आणि न्यायालयानं त्यांना दोषमुक्त करायला २०१६ साल उजाडलं. अशा गावाचं नाव लोकांनी हसत हसत घ्यावं, हे काम कुठल्या पुढाऱ्यानं केलं नाही, कुठल्या अंजुमननं केलं नाही. ते या रिकामटेकड्या समजल्या गेलेल्या पोरांनी केलं.

होय, रिकामटेकड्याच. मी तेव्हा शाळकरी होतो. मोहल्ल्यातली मोठी माणसं त्यांच्याबद्दल काय बोलत ते या कानांनी ऐकलं आहे. "नौटंकी", "भांड", "बाप लूमवर मरतोय आणि हा मेकअप करतोय." आज तीच तोंडं चहाच्या टेबलावर "आपला नासिर" म्हणतात. शोहरत आली की तिच्या पंगतीला आपण पहिले; मेहनतीच्या वेळी मात्र आपल्याला नमाज आठवते, मुलीचं लग्न आठवतं, लूमचं वीजबिल आठवतं.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही मजहबाचा मामला विसरता. विसरत नाही. गाण्याबजावण्यावर उलेमांमध्ये इख्तिलाफ आहे आणि तो आजचा नाही. इमाम गजालींनी आपल्या 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र भाग लिहिला तो काही उगाच नव्हे. ज्याला मनापासून हे नाजायज वाटतं, त्याच्याशी माझं भांडण नाही. तो लग्नात बँडही लावत नाही आणि चहाच्या टेबलावर फुशारकीही मारत नाही. माझं भांडण आहे ते दोन्हीकडून खाणाऱ्याशी. मोबाईलवर रात्री बारापर्यंत कॉमेडी बघायची, कव्वालीला नोटा उडवायच्या, मुनव्वर फारुकीनं २०२४ मध्ये 'बिग बॉस' जिंकलं की मिठाई वाटायची आणि घरातल्या पोरानं नक्कल केली की त्याच्या कानाखाली आवाज काढायचा. हेच मुनव्वर २०२१ च्या जानेवारीत न केलेल्या विनोदासाठी इंदूरच्या तुरुंगात होते, तेव्हा यातल्या किती जणांनी तोंड उघडलं? तेव्हा ऐकू यायचं ते हे: "कशाला करायची असली थेरं?"

दुसरा आक्षेप आमच्या अदबी मंडळींचा. म्हणे, हे सारं नक्कलच ना! शोलेची नक्कल, सुपरमॅनची नक्कल. यात अदब कुठं आणि कला कुठं? या लोकांना मी अदबीनंच सांगतो की विडंबन ही नक्कल नव्हे. श्रीमंताच्या घोड्याच्या जागी आपली सायकल ठेवली की हसू कशाचं येतं, याचा थोडा विचार करावा. ते हसू गरिबीचं आहे, आणि गरिबाचं स्वतःचं आहे. मालेगावच्या सुपरमॅनला धुळीनं दमा होतो आणि त्याचा दुश्मन आहे तंबाखूचा शौकीन, गाव घाण ठेवणारा. ज्या गावातली गटार आणि कापसाची भुकटी आपण रोज छातीत भरून घेतो, त्या गावावर याहून नेमकं भाष्य कुठल्या मुशायऱ्यात झालं ते मला दाखवावं. मुशायऱ्यातही मिजाहिया शायराची आठवण कधी होते? लोक पेंगायला लागले की.

मराठीत बघा. कोल्हटकर, गडकरी, अत्रे, पु. ल. विनोदी लेखकाला तिथं वडिलकीचा मान आहे. आणि उर्दूत काय कमी आहे? पतरस बुखारी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, पुढं संयुक्त राष्ट्रसंघात गेले, आणि आजही नाव राहिलं ते त्यांच्या विनोदी मजामीनमुळं. आमच्या हैदराबादच्या मुजतबा हुसैन यांना विनोदी लेखनासाठीच पद्मश्री मिळाली. आम्ही उर्दूचे शिक्षक ही नावं फळ्यावर लिहितो, मुलांना 'मिजाह' आणि 'तंज' यातला फरक पाठ करायला लावतो आणि मागच्या बाकावरचा पोरगा हेडमास्तरांच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करतो तेव्हा त्याला वर्गाबाहेर उभं करतो. बी.एड.ला आम्हा सर्वांना 'सर्वांगीण विकास' हा शब्द दहा गुणांसाठी येत होता. त्यानंतर तो कुठं गेला कुणास ठाऊक. वेळापत्रकात कलेचा तास असतो. त्या तासाला दहावीचं गणित चालतं. मी ज्या शाळांत नोकरी केली त्यातल्या एकीत तर हार्मोनियम होतं, चांगलं होतं, आणि ते कपाटात कुलूपबंद होतं. किल्ली कुणाकडे, हे विचारणं बेअदबी समजली जाई.

मुलींबद्दल तर बोलायचीच सोय नाही. नासिर शेख यांना पिक्चरसाठी नटी बाहेरगावाहून आणावी लागायची. पंचवीस वर्षं झाली. आमच्या मुली डॉक्टर झाल्या, वकील झाल्या, डी.एड. करून माझ्या शेजारच्या वर्गात शिकवतात. विनोद मात्र त्यांनी स्वयंपाकघरातच करायचा, तोही पुरुष घरात नसताना. आणि ज्यांनी बायकांच्या त्या मैफली दाराआडून ऐकल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की गावातला खरा विनोद तिथंच आहे.

आता पैशाचं. "यानं पोट भरतं का?" हा सवाल रास्त आहे आणि गरिबानं तो विचारलाच पाहिजे. पण आज तो थोडा शिळा झाला आहे. छोटू दादाचे व्हिडिओ याच मालेगावात बनतात आणि यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले जातात. कॅमेरावाला, एडिटिंगवाला, कपडेवाला, अशा कितीतरी चुली त्यावर पेटतात. दर्जाबद्दल माझ्या तक्रारी आहेत, ठेंगण्या माणसाच्या ठेंगणेपणावर किती दिवस हसायचं हाही सवाल आहे. पण दर्जा सुधारायचा तर शिकवावं लागतं. लिहिणं शिकवावं लागतं, आवाज शिकवावा लागतो. हाकलून दिलेल्या पोरांनी दर्जा आणायचा कुठून?

शफीक शेख लूमवरचा मजूर होता. काडीपैलवान. सुपरमॅनच्या शूटिंगच्या दिवसांतच त्याचं लग्न झालं. पडद्यावर तो तंबाखूशी लढला आणि प्रत्यक्षात कर्करोगानं गेला. माहितीपट थिएटरांत लागलेला पाहायला तो नव्हता. चहाच्या टेबलावर त्याचं नाव सर्वांत जास्त निघतं. त्याच्या नावानं गावात एक खोली नाही जिथं चार पोरं संध्याकाळी नाटक बसवतील.

त्या काळच्या व्हीएचएस कॅसेटी अजून कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत पडल्या असतील. ओलीनं फीत चिकटते, बुरशी धरते, मग ती कुठल्याच मशीनवर चालत नाही. ज्यांनी त्यांत कामं केली ती माणसंही साठीला टेकली. मित्रांनो, टेबलावर सांगता तेच वहीत लिहा: कुठला सीन, कुठल्या मैदानात, कॅमेरा कुणाचा, चहा कुणी पाजला, घरी आल्यावर मार कुणी दिला. मी नववीच्या वर्गाला हेच काम सुट्टीत दिलं. सात वह्या आल्या. त्यातल्या पाच मुलींच्या आहेत.