मोफत लशीचा हिशेब

जून २०२१. आमच्या वस्तीच्या नाक्यावर फलक लागला. दोन माळे उंच. वर हसरा चेहरा, खाली अक्षरं : सर्वांना लस, मोफत लस, धन्यवाद. त्या फलकाखाली कचऱ्याची गाडी उभी होती आणि गाडीवर माझा मावसभाऊ. कंत्राटी सफाई कामगार. मार्च २०२० पासून हा पोरगा एक दिवस घरी बसला नव्हता. दारं लावून आत बसलेल्या सोसायट्यांचा कचरा, आजाऱ्यांच्या घरचे मास्क, थुंकीचे बोळे, सगळं त्यानं उघड्या हातानं उचललं. फेब्रुवारीत सफाई कामगारांना लस सुरू झाली तेव्हा कायम कामगारांची यादी गेली. कंत्राटी पोरांची नावं कंत्राटदारानं धाडलीच नाहीत. फलकाकडं बघत तो मला म्हणाला, "दादा, हे फुकट कोणाच्या बापाचं रे?"

मला उत्तर देता आलं नाही. महिन्याभरानं ते राज्यसभेत ऐकायला मिळालं.

२० जुलै २०२१ ला राज्यसभेत कोरोनावर चर्चा झाली. राष्ट्रीय जनता दलाचे खासदार मनोज झा बोलायला उठले. गंगेत प्रेतं वाहत गेली त्याबद्दल माफी मागावी लागेल म्हणाले. मग ते 'मोफत' या शब्दावर आले. खेड्यातला गरीब साबणाची वडी घेतो तेव्हा तोही कर भरतो, मग त्याला फुकट दिलं असं कोणत्या तोंडानं सांगता, असा त्यांचा मुद्दा. झा जातीनं ब्राह्मण. असू दे. खरं बोललेल्याला खरं म्हणायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आता हिशेब करा. त्या वर्षी साबणावर १८ टक्के जीएसटी होता. त्याच वर्षीच्या बजेटात लशीसाठी ३५ हजार कोटी रुपये ठेवले होते. ते काय कोणी घरची भांडी विकून आणले? माझ्या मावसभावाच्या साबणाचा पैसा त्यात आहे. दिवसभर मैल्यात राबणाऱ्याला साबण जास्तच लागतो मित्रांनो.

आणि लस तरी सरळ दिली का? लस एकच, पुण्यात हडपसरला बनलेली. भाव तीन. केंद्राला १५० रुपये. राज्यांना ४००, बोंबाबोंब झाल्यावर ३००. खासगी दवाखान्याला ६००. १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या माणसांची जबाबदारी केंद्रानं झटकून टाकली. राज्यांनी बघावं, नाहीतर खिशात असेल त्यानं खासगीत जावं. नाव नोंदवायचं ते मोबाइलवर, कोविनमध्ये. आकडे येतात, मिटतात, डोळ्याचं पातं लवेपर्यंत जागा भरतात. आमच्या वस्तीतल्या केंद्रावर लांबून मोटारी आल्या. मोटारीतली माणसं लस टोचून गेली आणि वस्तीतली पोरं भिंतीला टेकून बघत राहिली. चातुर्वर्ण्य आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. तीन वर्णांना तीन भाव, चौथ्याला नुसता ओटीपी. त्याच्याही बाहेरच्याला मोबाइलच नाही.

३१ मे २०२१ च्या आदेशात सुप्रीम कोर्टानं या वयाच्या माणसांकडून पैसे घेण्याच्या धोरणाला सकृद्दर्शनी मनमानी आणि अविवेकी म्हटलं. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण फिरवलं. २१ जूनपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रावर विनापैसे लस. लगेच फलक. कोर्टानं कान धरल्यावर जे दिलं, त्याचं धन्यवाद कशाचं?

आता दुसरा हिशेब. हा मढ्यांचा आहे.

त्याच दिवशी, त्याच राज्यसभेत काँग्रेसचे के. सी. वेणुगोपाल यांच्या प्रश्नाला लेखी उत्तर आलं. ऑक्सिजनअभावी माणूस मेल्याची नोंद राज्यांनी खास अशी कळवलेली नाही. उत्तर दिलं आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी. त्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याच नाशकात २१ एप्रिलला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी गळली आणि त्या दिवशी २२ माणसं श्वासासाठी तडफडून मेली. पण गळतीला टंचाई म्हणायचं नाही, हा कागदाचा न्याय.

विरोधकांनी प्रश्न विचारला, बरं केलं. पण टाळ्या वाजवून थांबू नका. तेव्हा मुंबईत कोणाचं राज्य होतं? महाविकास आघाडीचं. त्यात काँग्रेसही होती. या सरकारच्या आरोग्यमंत्र्यांनीही सांगितलं, महाराष्ट्रात ऑक्सिजनअभावी कोणी मेलं नाही. दिल्लीत जो प्रश्न विचारतो, मुंबईत तोच उत्तर दडवतो.

मल्लिकार्जुन खर्गे राज्यसभेतले विरोधी पक्षनेते. आपल्याच समाजातून वर गेलेला माणूस. त्यांनी त्या चर्चेत साधं गणित मांडलं : देशात सहा लाखांवर गावं, प्रत्येक गावात पाच माणसं गेली धरली तरी ३१ लाखांवर. सरकारचा आकडा तेव्हा चार लाखांच्या घरात. हा अंदाज होता, पुरावा नव्हता. पण सरकारचीच जन्ममृत्यूची वही मे २०२५ मध्ये बाहेर आली. २०२० साली देशात नोंदलेले मृत्यू सुमारे ८१ लाख. २०२१ साली १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाख मढी जास्त. सगळी कोरोनाची असं मी म्हणत नाही, नोंदणीही वाढली असेल. पण त्या सालचे सरकारी कोरोनाबळी साडेतीन लाखांच्या आत आहेत. उरलेली माणसं कशानं मेली? आणि ती वही उघडायला चार वर्षं का लागली?

त्या न मोजलेल्यांत माझी मावशी आहे. त्याच पोराची आई. एप्रिल २०२१, तीन दवाखाने फिरलो, खाट मिळाली नाही. चाचणीही झाली नाही. घरीच गेली. दाखल्यावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून. च्यायला, हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं! पुढं कोर्टाच्या दट्ट्यानं वारसांना ५० हजार जाहीर झाले. त्याला चाचणीचा नाहीतर डॉक्टरच्या निदानाचा कागद हवा. आमच्याकडं कुठला? मार्च २०२२ मध्ये अर्जाला मुदत घातली गेली, तीही संपली. जिवंतपणी यादीत नाव नाही म्हणून लस नाही, मेल्यावर कागदावर रोग नाही म्हणून पैसा नाही.

हे एका सरकारचं पाप नाही. झांनीच त्या भाषणात म्हटलं, १९४७ पासूनच्या सगळ्या सरकारांचं हे अपयश आहे. मग नावं घेऊन बोलूया. जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि चेन्नईतलं गिंडी इथल्या सरकारी लस संस्थांचे उत्पादन परवाने रोखले. दिल्लीत तेव्हा काँग्रेसच्या नेतृत्वाखालचं सरकार होतं. २०१० मध्ये बंदी उठली, पण मोडलेली घडी बसवायची कोणाला घाई होती? ज्या मुंबईत हाफकिननं १८९७ साली प्लेगची लस बनवली, तिथं परळला त्याच्या नावाची सरकारी संस्था आहे. तिला कोव्हॅक्सिन बनवायला परवानगी मिळाली एप्रिल २०२१ मध्ये, लाट डोक्यावरून जात असताना. सरकारी कारखाना आजारी पाडायचा आणि मग खासगीवाल्याचा भाव तोंड वर करून ऐकायचा.

म्हणून सांगतो, सभागृहातल्या प्रश्नावर विसंबू नका. तिथला प्रश्न सत्ता बदलली की बाजू बदलतो. आपली वही आपण घालायची. या अंकापासून प्रत्येक वस्तीतल्या पोरांनी एक वही घ्यावी आणि घराघरात जावं. २०२० आणि २०२१ मध्ये कोण गेलं, वय काय, काम काय करत होतं, खाट मिळाली का, चाचणी झाली का, लस कधी मिळाली, दाखल्यावर काय लिहिलं. सफाईवाले, स्मशानात काम करणारे, घरकाम करणाऱ्या बाया आधी. माझ्या वहीत पहिलं नाव मावशीचं आहे.

मावसभावानं शेवटी जुलैत लस घेतली. सकाळी सहाला रांगेत उभा राहिला, नंबर दुपारी दोनला लागला. कंत्राटदारानं त्या दिवसाची हजेरी कापली. मोफत लस त्याला एका दिवसाच्या मजुरीला पडली. तीही वहीत लिहा.

उद्या कोणताही झेंडा घेऊन मत मागायला दारात येतील. हात जोडू नका. वही पुढं करा.