औषधाची चिठ्ठी कोणत्या भाषेत?

२०२१ च्या मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या दोघा भावांना एकाच आठवड्यात कोरोनाने गाठले. थोरला गावात, त्याला बेळगावच्या एका इस्पितळात ऑक्सिजनवर ठेवले. धाकटा गोव्यात कामाला. तो खोलीवरच पडून राहिला. थोरल्याला रेमडेसिव्हिर आणि स्टेरॉइड, धाकट्याला आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. त्यांची आई माझ्याकडे आली. "मास्तर, रोग एक आणि औषधं दोन, ह्यातला कुठला डॉक्टर चुकतोय?" मास्तर म्हटला की त्याला सगळे ठाऊक असावे लागते!

दोघांची अवस्था वेगळी होती, हे तिला सांगितले. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांशाने घटतात, असे ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्ये दिसले. मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, तीही फार तर १० दिवस. ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला मात्र या औषधाचा लाभ नाही.

पण सगळाच फरक असा समजण्याजोगा नव्हता. आयव्हरमेक्टिन केवळ चाचण्यांपुरते वापरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये म्हटले असताना गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १० मे रोजी अठरा वर्षांवरील सर्वांना ते देण्याचे जाहीर केले. महिनाअखेरीस केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ते आपल्या मार्गदर्शक सूचनांतून वगळले. प्लाझ्माचेही तसेच. आयसीएमआरने ३९ इस्पितळांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही, हे २०२० मध्येच कळले होते. राष्ट्रीय सूचनांतून तो गेला मे २०२१ मध्ये. तोवर किती नातेवाईक दात्यांसाठी वणवण फिरले असतील! शास्त्र शिकत होते, म्हणून नियम बदलत होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. थोरला बरा होऊन घरी आला. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, सूचना कन्नडमध्ये. स्टेरॉइड कोणत्या दिवशी थांबवायचे ते त्यावर लिहिलेले होते, पण घरात ते कुणाला वाचता आले नाही. दुकानदाराने त्याच चिठ्ठीवर पुन्हा गोळ्या दिल्या. त्या जवळजवळ महिनाभर चालल्या आणि रक्तातील साखर चारशेच्या वर गेली. मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने काळ्या बुरशीने माणसे दगावत होती, तेच ते दिवस. हा वाचला, हे नशीब.

कन्नडशी आमचे वैर नाही. माझे विद्यार्थी कन्नड शिकतात आणि त्यांनी ती चांगली शिकावी असेच मी सांगतो. पण साठीतल्या शेतकऱ्याने ती आजारपणात शिकावी काय? जिल्ह्यात वा तालुक्यात १५ टक्के लोक जी भाषा बोलतात, त्या भाषेत महत्त्वाचे नियम व सूचना द्याव्यात, असे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते. औषध थांबवण्याची तारीख महत्त्वाची नाही, असे कोण म्हणेल? सातबाराच्या उताऱ्यासाठी आपण मोर्चे काढले, ते योग्यच. या कागदाकडे मात्र समितीचेही लक्ष गेले नाही. त्यात मीही आलो.

औषधाचे नाव, मात्रा आणि थांबवण्याची तारीख एवढ्या तीन ओळी मराठीत द्याव्यात, अशा मागणीचा अर्ज मी तयार केला आहे. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे तो मराठीतच देता येतो. समितीच्या कार्यालयात शाळा सुटल्यावर मी असतो; सहीसाठी यावे, आणि घरात असे कार्ड असेल तर त्याची झेरॉक्स घेऊन यावे.