खरा ‘ढ’ कोण?

वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आपण मराठी माणसे एका अक्षरात निकालात काढतो : ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून ज्याचे वळण फारसे बदलले नाही असे हे अक्षर. म्हणून न सुधारणाऱ्यालाही तेच नाव, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. ती ग्राह्य धरली तर हे विशेषण मुलाला शोभते की आपल्या अध्यापनपद्धतीला?

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ साली तो राज्यभर नेला. मूल शाळेत आले. ते शिकते का, हा प्रश्न मात्र उरला. त्याचे एक उत्तर याच नगरीत मिळाले. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाची बडोदे व मुंबई येथील महापालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात काटेकोर पारख झाली. ती करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळाले. तिसरी-चौथीतील पंधरा-वीस मागे पडलेली मुले वस्तीतलीच एखादी तरुणी रोज दोन तास वेगळी घेऊन बसे आणि अक्षर-अंकांपासून, जिथे अडले तिथून शिकवी. मुले सुधारली, सर्वांत मागची सर्वाधिक. उलट, वर्गातली गर्दी घटूनही मागे उरलेल्यांची प्रगती वाढली नाही. म्हणजे पटसंख्या घटविणे पुरेसे नाही. शिकवणे मुलाच्या पातळीवर उतरले पाहिजे.

‘एवढ्या मुलांत हे जमायचे कसे?’ हा आक्षेप ठरलेला. भागाकाराचा पाठ एकच असू द्या; कोणी चिंचोके वाटून पाहील, कोणी उदाहरणे सोडवील, कोणी नवी रचील. गट मात्र दर पंधरवड्याला बदलावेत, नाहीतर वर्गातच नव्या जाती निर्माण होतील. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्याचा बराचसा लाभ ओसरला, हेही विसरू नये. हे वार्षिक उत्सवाचे नव्हे, नित्याचे काम आहे.

२०१९ च्या कायदादुरुस्तीने पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली. तोच पाठ त्याच रीतीने पुन्हा ऐकविणे हा उपाय नव्हे, शिक्षा आहे. आपल्यापैकी अनेक जण शाळांच्या संचालक मंडळांवर आहेत. त्यांनी ‘किती उत्तीर्ण?’ हा प्रश्न बाजूस सारून ‘कोण कुठे अडले, आणि त्यासाठी वर्गात काय केले?’ असे विचारावे. उत्तर न देता येणारा विद्यार्थी ‘ढ’ ठरत असेल, तर तोच न्याय शाळेलाही लागू होतो.